पथ्य कोणाला विचारावे?

श्रोतेहो, पुसेगाव म्हटले की पुष्कळांना सातारा जिल्ह्यातील सेवागिरी महाराजांचे पुसेगाव आठवते. मी बोलतो आहे ते पुसेगाव निराळे. ते हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आहे. संत नामदेवांची नरसी याच जिल्ह्यातली आणि औंढा नागनाथही याच जिल्ह्यातले. काळी माती, तूर, कापूस, सोयाबीन आणि हळद असा हा मुलूख. या पुसेगावी माझी आत्या दिलेली आहे. आजच्या विषयाला सुरुवात तिच्यापासूनच करावी लागेल. कारण मी इतिहासाचा प्राध्यापक असून आहाराच्या विषयात शिरलो तो तिच्यामुळे.

चार वर्षांपूर्वी आत्याला शुगर निघाली. ‘शुगर निघाली’ हे शब्द आता आपल्या खेड्यांत ‘ताप आला’ या शब्दांइतके परिचयाचे झाले आहेत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि “पथ्य सांभाळा” असे सांगितले. दवाखान्यात गर्दी फार, त्यामुळे पथ्य म्हणजे नेमके काय, हे विचारायचे राहून गेले. ते काम मग गल्लीने हाती घेतले. एक जण म्हणाली, “भाकर सोड, माय, शुगर पळते.” दुसरीने सांगितले, “भाताकडे बघायचंसुद्धा नाही.” तिसरीने साखर बंद करून गूळ चालू करायला लावला. पुतण्याने मोबाइलवर पाहून कारल्याचा रस सुरू केला. आठवडी बाजारात कोणी तरी चूर्णाचा डबा दिला. आत्या श्रद्धाळू बाई. तिने कोणाचेच मन मोडले नाही. सर्वांचे ऐकले. गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी घेतली.

पंधरा-वीस दिवसांनी, एका एकादशीला, नुसत्या चहावर ती तुरीच्या रानात गेली. दुपारी हातपाय कापू लागले, दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती बांधावर बसली ती उठेना. शेजारच्या शेतातला मुलगा शहाणा. त्याने ती शुद्धीवर आहे असे पाहून तिला साखरेचे पाणी पाजले, म्हणून निभावले. शुगर वाढली नव्हती, उतरली होती. गोळी पोटात आणि अन्न नाही, असे झाले की हे घडू शकते. मी त्या रात्री पुसेगावी पोहोचलो तेव्हा ती मला म्हणाली, “एवढं पथ्य पाळलं रे, तरी असं काहून झालं?”

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. पण माणसाने काय खावे हे त्याला आजवर कोणी सांगितले, कोणत्या आधाराने सांगितले आणि ते त्याच्या ताटापर्यंत कसे पोहोचले, हा प्रश्न इतिहासाचाही आहे. त्याचा मागोवा मी घेत गेलो. तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली सल्लागार अर्थात घरची आजी. तिचे ज्ञान लहान समजू नये. ज्वारीच्या भाकरीबरोबर तुरीचे वरण, जवसाची किंवा कारळाची चटणी, अंबाडीची भाजी, पावसाळ्यात रानातला तांदुळजा आणि घोळ, बाळंतिणीला डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, आजाऱ्याला मुगाचे कढण, ही सारी तिची पोथी. शेकडो वर्षांच्या अनुभवाने ती तयार झाली होती. वैद्यांनीही पथ्याला औषधाइतकेच महत्त्व दिले, आणि माणूस पाहून, ऋतू पाहून पथ्य सांगण्याची रीत त्यांच्यात होती.

पण आजीच्या पोथीत चुकाही होत्या, हे प्रेमापोटी लपवू नये. गरोदर बाईने फार खाल्ले तर मूल मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल, असे सांगून तिला अर्धपोटी ठेवणारी घरे आपण पाहिली आहेत. घरातल्या बाईने सर्वांत शेवटी, उरले असेल ते जेवायचे, हाही त्याच पोथीतला नियम. शिवाय आजीचे ज्ञान तिच्या काळातल्या अन्नाचे आणि तिच्या काळातल्या कष्टांचे होते. दळण, पाणी आणि रान या तिन्हींत दिवस जात होता. आज गिरणी दारात, नळ अंगणात आणि मोटारसायकल ओसरीवर आहे. ज्वारीची जागा रानात सोयाबीनने आणि ताटात गव्हाने घेतली. मग जुना हिशेब जसाच्या तसा कसा जुळावा?

आता जगाकडे थोडे पाहू या. 1747 साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश आरमारी डॉक्टराने हिरड्यांतून रक्त येण्याच्या रोगाने जर्जर झालेले 12 खलाशी घेतले. त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निरनिराळी वस्तू दिली. ज्यांना संत्री आणि लिंबे मिळाली ते काही दिवसांतच उठून कामाला लागले. एवढा स्पष्ट निकाल. परंतु ब्रिटिश आरमाराने आपल्या खलाशांना लिंबाचा रस नियमाने देण्याचा हुकूम काढला तो 1795 साली. मधली 48 वर्षे माणसे मरतच होती. ज्ञान सापडणे एक आणि ते ताटात पडणे दुसरे. या दोहोंमधले अंतर कोण चालून जाणार, हा आपल्या विषयाचा गाभा आहे आणि पुढेही तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

क्रिमियाच्या युद्धात, 1854 नंतर, फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी रुग्णालयाच्या स्वयंपाकघराकडे लक्ष दिले, कारण जखमी शिपाई जखमेइतकाच वाईट जेवणाने खचतो, हे त्यांनी पाहिले होते. पुढे रुग्णांच्या आहाराचे शास्त्र शिकलेल्या व्यक्तींचा वेगळा पेशाच तयार झाला. 1917 साली, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, अमेरिकेत आहारतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली. अन्नटंचाईच्या दिवसांत कमी अन्नात जास्त पोषण कसे करावे, हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न होता.

आपल्याकडे या शास्त्राची एक मोठी घटना मुंबईत, परळ भागात घडली आणि तिच्या केंद्रस्थानी होत्या गिरणीत काम करणाऱ्या गरीब बाया. 1928 साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गरोदरपणात मुंबईतल्या अनेक बायांना असा पांढुरकेपणा येई की त्यांतल्या कित्येक दगावत. हा जंतूंचा रोग असेल काय, असा संशय होता. विल्सबाईंनी हाफकिन संस्थेत राहून तपास केला. रोग कोणत्या घरांत दिसतो आणि त्या घरांत काय शिजते, हे त्यांनी बारकाईने पाहिले. ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळे, दूध फारच थोडे, त्याच बाया अधिक आजारी पडत होत्या. मग प्राण्यांवर प्रयोग झाले. शेवटी त्यांनी ‘मार्माइट’ नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क या बायांना दिला आणि रक्त भरू लागले. 1931 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

त्या अर्कात नेमके काय होते, हे तेव्हा त्यांना सांगता आले नाही. 1941 साली पालकाच्या पानांतून एक जीवनसत्त्व वेगळे काढण्यात आले. पानातून निघाले म्हणून त्याला फॉलिक ॲसिड असे नाव पडले. परळच्या बायांना बरे करणारे तत्त्व ते हेच. आज प्रत्येक गरोदर बाईला उपकेंद्रात लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी मिळते, तिचा धागा असा मुंबईच्या कामगार बायांपर्यंत जातो. देशभर ती गोळी देण्याचा कार्यक्रम सुरू झाला 1970 साली. म्हणजे 1931 पासून 39 वर्षे! पुन्हा तेच अंतर. आणि गोळी हाती आली म्हणून काम संपले असेही नाही. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गोळी दिली जाते. पण ती जेवणानंतर लगेच चहाबरोबर घेतली तर त्यातले लोह अंगी कमी लागते, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर अधिक लागते, हे शांतपणे बसून सांगणारे माणूस लागते.

याच सुमारास दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरात दुसरे काम चालले होते. 1918 साली रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन या डॉक्टराने कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या चौकशीला प्रारंभ केला. पुढे त्याच कामातून पोषण संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली. मॅक्‌कॅरिसन यांनी एक मजेदार प्रयोग केला. एकाच जातीचे पांढरे उंदीर घेऊन त्यांचे गट केले आणि हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या प्रांतांतील लोक जे जेवतात ते त्यांना घातले. शीख शेतकऱ्याचे जेवण, म्हणजे सबंध गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, भाजी, खाणारे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट झाले. सडलेल्या, धुतलेल्या तांदळावर मुख्यतः जगणारे सर्वांत शेवटी राहिले. आपल्या मराठी ताटाचा क्रमांक वरच्या बाजूला होता. ध्यानात घ्या, उंदीर सारे एकाच वंशाचे होते. फरक जातीचा वा प्रांताचा नव्हता, फरक ताटाचा होता. ‘अमुक लोक मुळातच बलवान’ या समजुतीला यापेक्षा चांगले उत्तर क्वचितच मिळेल.

मॅक्‌कॅरिसन यांच्यानंतर कुन्नूरला आलेल्या डॉ. ॲक्रॉइड यांनी 1937 साली भारतीय अन्नपदार्थांची पोषणमूल्ये देणारी एक छोटी पुस्तिका काढली. ज्वारीत किती, बाजरीत किती, हरभऱ्यात किती, मेथीत किती, असे कोष्टकच त्यांनी दिले. आपल्या स्वयंपाकघराचे हे जणू पहिले जमाखर्चाचे पुस्तक. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघत गेल्या आणि 2017 साली शेकडो भारतीय पदार्थांची नवी कोष्टके प्रसिद्ध झाली.

आता यात आपल्या मराठवाड्याचा संबंध कसा येतो पाहा. हिंगोली आणि सारा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपण हैदराबाद सोडून द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो. आणि 1958 साली कुन्नूरची ती प्रयोगशाळा हैदराबादला आली! तेव्हा तिचे प्रमुख डॉ. वि. ना. पटवर्धन हे होते. 1969 साली ‘राष्ट्रीय पोषण संस्था’ हे नाव तिला मिळाले. राज्याची सीमा बदलली, पण दख्खनचे ताट सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच होते, आणि ते होते ज्वारीचे.

या ज्वारीचेच कोडे तेथील शास्त्रज्ञांपुढे आले. पेलाग्रा नावाचा एक रोग आहे. उन्हाला उघडी पडणारी कातडी काळवंडते, सोलते, जुलाब लागतात, आणि रोग वाढला तर माणसाचे भानही सुटते. अमेरिकेत हा रोग मक्यावर जगणाऱ्या गरिबांत होता. तेथे जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1914 पासून झगडून सिद्ध केले की हा जंतूंचा रोग नव्हे, अन्नाच्या उणिवेचा आहे. 1937 साली ते उणे असलेले जीवनसत्त्व, नायसिन, सापडले. पण दख्खनमध्ये मका फारसा खाल्लाच जात नव्हता. येथे रोगी होते ते ज्वारी खाणारे शेतमजूर. ज्वारीत नायसिन काही मक्यापेक्षा कमी नव्हते. मग रोग कसा?

1960 साली डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी यावर निबंध प्रसिद्ध केला. ज्वारीच्या प्रथिनात ल्यूसिन नावाचा एक घटक प्रमाणाबाहेर असतो आणि तो शरीरातल्या नायसिनच्या कारभारात अडथळा आणतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. पुढे त्यावर मतभेद झाले, इतर जीवनसत्त्वांचाही त्यात वाटा असल्याचे दिसून आले. शास्त्रात असे चालतेच. पण व्यवहाराचा धडा कायम राहिला. रोग ज्वारीने होत नव्हता. नुसत्या ज्वारीने होत होता. ज्याच्या भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध, अंडे किंवा मांस यांपैकी काही तरी नियमाने होते, त्याला ज्वारी बाधत नव्हती. ज्याच्या ताटात भाकरी, मिरची आणि मीठ एवढेच होते, त्याला बाधत होती. म्हणून “भाकर वाईट” असे म्हणणे चूक आणि “भाकर म्हणजे सर्व काही” हेही चूकच. आजीने भाकरीशेजारी शेंगदाण्याची चटणी आणि वरणाची वाटी ठेवली होती, ती उगाच नव्हे. गरिबीने ती वाटी काढून घेतली तेव्हा रोग आला.

आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातून 2018 साली ‘परभणी शक्ती’ नावाचा ज्वारीचा वाण निघाला. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा अधिक आहे. ज्या भाकरीला गल्लीने दोषी ठरवले, तिलाच सकस करण्याचे काम पुसेगावपासून काही तासांच्या वाटेवर झाले, हे आपल्याला ठाऊक असावे.

कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून आणखी एक वाट महाराष्ट्रात येते. ती कमला सोहोनी यांची. माहेरच्या त्या भागवत. 1911 साली इंदूरला जन्म. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणावरून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या मागे फिरल्या नाहीत. शेवटी एक वर्ष काम पाहून मग ठरवू, अशा अटीवर 1933 साली त्यांना घेतले गेले. तेथे त्यांनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजला जाऊन 1939 साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर दिल्ली, मग कुन्नूर आणि 1947 नंतर मुंबईची विज्ञान संस्था असा त्यांचा प्रवास झाला. गरिबाला परवडणाऱ्या अन्नात काय आहे, हा त्यांचा कायमचा विषय. कडधान्ये, तांदळाचे पीठ आणि नीरा यांवर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे संशोधन केले. नीरेच्या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. पुढे त्या ग्राहक चळवळीत उतरल्या आणि घरच्या घरी भेसळ कशी ओळखावी हे त्यांनी बायकांना शिकवले. ‘आहार-गाथा’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले. केंब्रिजची विदुषी मराठी गृहिणीसाठी मराठीत लिहिते, यात मला तेच अंतर चालून जाण्याची धडपड दिसते. 1998 साली त्या निवर्तल्या. शिक्षकांनी त्यांची गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. मुलींना सांगावी आणि मुलांनाही सांगावी.

यानंतर आपल्या वाडवडिलांच्या आठवणीतला प्रसंग येतो तो 1972 च्या दुष्काळाचा. खडी फोडणाऱ्या हातांवर पडलेली सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, ते आजही ती चव विसरलेले नाहीत. त्या वेळी प्रश्न काय खावे हा नव्हताच. खायला मिळते की नाही हा होता. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्यातून अंगणवाडी आली. 1995 साली शाळेतल्या दुपारच्या जेवणाची केंद्रीय योजना आली. उपासमारीविरुद्धची ही लढाई अजून संपलेली नाही. तीन वर्षांच्या लेकराचा दंड मोजणारी पट्टी आजही अंगणवाडीत लागते.

परंतु मध्यंतरी दुसराच शत्रू मागच्या दाराने शिरला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात भारतात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी रुग्ण असल्याचा अंदाज निघाला. आज एकाच घरात नातू अंगाने खुरटलेला, सून रक्ताने उणी आणि आजीला शुगर, असे चित्र दिसते. या तिघांना एकच सल्ला कसा चालेल? नातवाला जे वाढवायचे ते आजीला मोजून द्यायचे आहे. कोष्टक सर्वांसाठी एक असते. ताट प्रत्येकाचे वेगळे असते. येथेच शिकलेल्या आहारतज्ज्ञाची गरज सुरू होते.

आहारतज्ज्ञ म्हणजे कोण, हे नीट समजून घ्यावे. अन्न आणि पोषण या विषयाची पदवी, बहुधा पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयात प्रत्यक्ष काम केलेला अनुभव, अशी ही तयारी असते. भारतीय आहारतज्ज्ञांची संघटना आहे आणि तिची परीक्षा देऊन नोंदणी होते. 2021 साली संसदेने आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांचा कायदा केला. त्यात आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांचाही समावेश आहे. हे सांगण्याचे कारण असे की, आज कोणीही चार दिवसांचा वर्ग करून किंवा डबे विकण्याची एजन्सी घेऊन स्वतःला आहारतज्ज्ञ म्हणवतो. विचारायला लाजू नका. “आपले शिक्षण कोठे झाले? नोंदणी आहे काय?” असे नम्रपणे विचारावे. खरा जाणकार रागावत नाही. जो पहिल्याच भेटीत स्वतःची पावडर विकत घ्यायला लावतो, जो डॉक्टरांची गोळी बंद करायला सांगतो, जो महिन्यात रोग मुळासकट जाईल असे वचन देतो, त्याला दुरूनच नमस्कार करावा.

आता पुन्हा पुसेगावला येतो. त्या प्रकारानंतर आत्याला मी जिल्ह्याच्या गावी एका आहारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेलो. डॉक्टरांचे कागद बरोबर होते. मला वाटले, बाई छापील यादी हातात देतील. त्यांनी वही उघडली आणि विचारले, “आत्याबाई, तुमची भाकर केवढी असते? हातानं दाखवा बरं.” आत्याने दोन्ही हात पसरून दाखवली. बाई हसल्या. मग विचारले, रानात किती वाजता जाता? भाकर बरोबर नेता की परत येऊन खाता? उपवास किती? घरी तेल महिन्याला किती लागते आणि माणसे किती? लोणचे, पापड रोज असते का? आणि मग विचारले, “चहा किती?”

“साखर सोडली हाय,” आत्या अभिमानाने म्हणाली. “गुळाचा पिते.”

“किती वेळा?”

“येणारं जाणारं येतं. पाच-सहा होतात.”

“आणि गूळ?”

“दोन-दोन चमचे.”

श्रोतेहो, दहा-बारा चमचे गूळ रोज पोटात जात होता! साखर काय आणि गूळ काय, शुगरच्या दृष्टीने दोघे सख्खे भाऊ. सबंध गल्लीने भाकरीवर दोष ठेवला. चहाचे कप मात्र कोणीच मोजले नव्हते. मीही नाही.

त्या बाईंनी भाकरी सोडायला लावली नाही. आकार लहान केला आणि संख्या ठरवून दिली. पातळ वरणाऐवजी घट्ट वरण किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ वाटीभर, पालेभाजी दुप्पट, शेंगदाण्याची चटणी मोजून, दोनच चहा आणि तेही बिनगोडाचे, असे त्यांनी सांगितले. भात सणावाराला थोडा घेतला तर पाप नाही, पण त्या दिवशी भाकरी कमी करायची. रानात जाताना भाकरी बांधून न्यायचीच. गोळी घेऊन उपाशी राहायचे नाही. एकादशी मोडा असे त्या म्हणाल्या नाहीत. “साबुदाणा आणि बटाटा यांवर दिवस काढू नका, आणि उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा,” एवढेच म्हणाल्या. आणि खिशात चार खडीसाखरेचे खडे ठेवायला सांगितले, पुन्हा अंधारी आली तर तोंडात टाकायला. सर्व जिन्नस घरातले आणि रानातले. बाजारातून काहीही विकत आणायला त्यांनी सांगितले नाही.

गुण लगेच आला असे नाही. पहिल्या महिन्यात आत्याने दोनदा जिलेबी खाल्ली आणि तिसऱ्या भेटीत ते कबूलही केले. बाईंनी ते वहीत लिहून घेतले आणि रागावल्या नाहीत. सहा महिन्यांनी तपासणीचे आकडे सुधारले. शुगर गेली नाही. ती जाणारही नाही कदाचित. पण आत्या पुन्हा बांधावर बसली नाही.

हे सर्वांना शक्य आहे काय? अडचणी आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. प्रत्येक गावात आहारतज्ज्ञ नाही. जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. तरी एवढे करता येते: शुगर, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपणातला रक्तक्षय किंवा लेकराचे वजन न वाढणे, असे काही निघाले तर निदान एकदा तरी जाणकाराला गाठावे. मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलात तर “येथे आहारतज्ज्ञ बसतात काय?” असे खिडकीवर विचारावे. तीव्र कुपोषित बालकांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रे आहेत. अंगणवाडीताई आणि आशाताई तेथे पाठवतात. जाताना तीन दिवसांत घरात काय काय खाल्ले, याची चिठ्ठी बरोबर न्यावी. चहा आणि फरसाणसुद्धा लिहावे. नेहमीची वाटी पिशवीत घालून नेली तर फारच उत्तम.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. ही चिठ्ठी लिहिण्याचे काम खेड्यात तुमच्या विद्यार्थ्यांना सहज जमेल. सातवी-आठवीतल्या मुलामुलींना घरातल्या ताटाची नोंद तीन दिवस करायला लावा. कोण आधी जेवते, कोण शेवटी, आणि शेवटच्या ताटात काय उरते, हेही लिहू द्या. लुसी विल्स यांनी परळमध्ये जे केले त्याची सुरुवात अशीच, लोकांच्या घरी काय शिजते ते पाहण्यापासून, झाली होती. त्या वहीतून पुष्कळ काही बाहेर येईल. कदाचित काही आयांचे ताट थोडे भरेल.

मागच्या दिवाळीत मी पुसेगावला गेलो होतो. शेजारची एक बाई ओसरीवर आली. तिलाही नुकतीच शुगर निघाली होती. “आत्या, तुम्ही काय सोडलं ते सांगा, मीबी सोडते,” ती म्हणाली. आत्याने तिला बिनसाखरेचा चहा दिला आणि म्हणाली, “माझं माझ्यापाशी, बाई. तुझी भाकर केवढी, ते तुला कोणी तरी विचाराया पाहिजे. चल, मी येते तुझ्यासंगं.”